सुरी, सुई आणि सहाण

तहान लागल्यावर विहीर खणायला घेऊ नये, ही म्हण मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाने वडीलधाऱ्यांच्या तोंडून एकदा तरी ऐकलेली असते. बहुधा परीक्षेच्या आदल्या रात्री. म्हण इथलीच, आपल्या मातीतली, असे आपण धरून चालतो. पण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ‘ह्वांगदी नेइजिंग’ या चिनी वैद्यकग्रंथात नेमकी हीच उपमा आहे! रोग बळावल्यावर औषध शोधत फिरणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे, लढाई जुंपल्यावर हत्यारे घडवायला बसणे, अशा अर्थाचा मजकूर त्यात येतो. शहाण्याने न झालेल्या रोगाची वाट अडवावी, असा त्या ग्रंथाचा सल्ला.

आपल्याकडे चरकाने वैद्यकाचे प्रयोजन सांगितले तेही याच क्रमाने. निरोगी माणसाचे आरोग्य राखणे हे पहिले काम, रोग्याचा रोग हटवणे हे दुसरे. पाश्चात्त्य वैद्यकाचा आद्य पुरुष म्हणून ज्याचे नाव घेतात त्या हिपोक्रेटीसच्या नावावर जे ग्रंथ आहेत, त्यांपैकी एकाचा विषयच मुळी हवा, पाणी आणि जागा यांचा प्रकृतीवर होणारा परिणाम हा आहे. चरकाने साथीच्या रोगांची कारणे दिली ती वायू, जल, देश आणि काल अशी. म्हणजे ग्रीस, भारत आणि चीन असे तिघे तीन दिशांनी निघाले आणि एकाच विहिरीवर येऊन पोहोचले. मग आज त्यांचे अनुयायी त्याच विहिरीवर एकमेकांच्या बादल्या का ओढतात, हा प्रश्न मला बरेच दिवस छळतो आहे.

आता तुम्ही म्हणाल, कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाने या भानगडीत का पडावे? त्याचे कारण माझे गाव. शेलूबाजार हे वाशीम जिल्ह्यातले, मंगरूळपीर तालुक्यातले गाव. नागपूरहून मराठवाड्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचे. आता समृद्धी महामार्गावरूनही शेलूबाजारला उतरता येते. नावातच बाजार असलेल्या गावाला कशाचीच वाण पडत नाही, तशी उपचारांचीही पडत नाही. चौकात उभे राहिले की एका अंगाला सलाईनच्या बाटल्या टांगलेला दवाखाना दिसतो, दुसऱ्या अंगाला चूर्णे, काढे आणि आसवांचे दुकान, आणि मधूनमधून खांबावर एखादा कागद चिकटलेला असतो, ‘चिनी सुई व दाबबिंदू उपचार शिबीर, फक्त तीन दिवस.’ बाजाराला आलेला माणूस तिन्हीकडे डोकावतो आणि मेथीची जुडी घेऊन घरी जातो.

यात ‘सुई’ या शब्दाची एक गंमत आहे. आमच्या वऱ्हाडात सुई म्हणजे इंजेक्शन. “डाक्टर, एक सुई मारून द्या, उद्या सोंगणी हाय,” असे म्हणत शेतकरी दवाखान्यात शिरतो. तेव्हा चिनी सुईत औषध नसते, हे कळल्यावर आमच्या एका शेजाऱ्याने विचारले होते, “मंग पैसे कायचे घेते?” प्रश्न विनोदी वाटला तरी तो वैद्यकातला फार मूलभूत प्रश्न आहे. गुण येतो तो कशाने येतो, आणि तो आला हे कशावरून ठरवायचे?

त्याआधी या तिघांची रोग्याकडे पाहण्याची रीत समजून घेऊ. समजा, एक पन्नाशीची बाई डोके जड वाटते म्हणून तिघांकडे गेली. वैद्य तिला विचारील, भूक कशी लागते? झोप येते का? पोट साफ असते का? घरात काही काळजी? तो तिची प्रकृती पाहील, वात, पित्त, कफ यांत कोणाचे पारडे वर गेले ते ताडील आणि औषधाइतकेच पथ्य सांगील. चिनी वैद्य तिची जीभ पाहील, दोन्ही मनगटांवर तीन तीन ठिकाणी नाडी पाहील. त्याच्या मते देहातून ‘ची’ नावाची प्राणशक्ती ठरलेल्या मार्गांनी वाहते. ती कुठे तुंबली असेल तिथली वाट मोकळी करायला तो सुया टोचील किंवा मुळ्यांचा काढा देईल. आधुनिक डॉक्टर दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजील आणि आकडा कागदावर लिहील.

पहिल्या दोघांच्या रीतीत आपुलकी आहे, यात शंका नाही. रोगी म्हणजे सबंध माणूस, त्याचे घर, त्याचा ऋतू, त्याची काळजी, हे त्यांनी कधी नजरेआड होऊ दिले नाही. घाईत असलेल्या तिसऱ्याला ते पुष्कळदा जमत नाही. पण तिसऱ्याच्या हातातल्या पट्ट्याने जे सांगितले ते नाडी, जीभ किंवा रोग्याची स्वतःची भावना खात्रीने सांगू शकत नाही. वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा काहीच लक्षण दाखवीत नाही. डोके जड होवो न होवो, तो आतल्या आत रक्तवाहिन्या झिजवीत असतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. शेलूबाजारच्या आमच्या जुन्या घरात माझी काकू राहते. तिला रक्तदाबाची गोळी चालू होती. गेल्या वर्षी असल्याच एका फिरत्या शिबिरात कोणीतरी तिला सांगितले की, इंग्रजी गोळ्यांनी रक्त तापते. आमचा काढा आणि आठ दिवस तळपायाची दाबबिंदू घेतली की गोळी कायमची सुटेल. काकूने काढा घेतला, दाबबिंदू घेतली आणि गोळी सोडली. मी रविवारी गेलो तेव्हा तिने मोठ्या समाधानाने सांगितले, “मले आता काईच होत नाई बापू. मंग कायले खाऊ गोया?” मी विनवले, रागावलो; ती हसली. गावातल्या वैद्यबुवांनीही तिला बजावले होते की, तपासल्याशिवाय गोळी बंद करू नका. पण स्वतःला बरे वाटते आहे या पुराव्यापुढे पुतण्याचे आणि वैद्याचे काय चालणार?

ऐन सोयाबीनच्या सोंगणीत एका पहाटे तिच्या हातातून तांब्या निसटला. उजवा हात उचलेना, शब्द जिभेवर अडखळू लागले. तिला गाडीत घालून मोठ्या गावी नेले. वेळेवर पोहोचलो म्हणून ती बचावली. पण ज्या हाताने तिने चाळीस वर्षे भाकरी थापली, त्या हाताला अजून भाकरीचा गोळा नीट धरवत नाही.

या प्रकरणात दोष कोणत्या शास्त्राचा? मला वाटते, आयुर्वेदाचाही नाही आणि चिनी वैद्यकाचाही नाही. तो माणूस वैद्य नव्हता आणि चिनी पद्धत शिकलेलाही नव्हता. दोष आहे तो ‘ते की हे’ असे दोनच दरवाजे दाखवणाऱ्या आपल्या सवयीचा. एका पद्धतीवर श्रद्धा ठेवायची तर दुसरी टाकलीच पाहिजे, जणू पक्षांतरच करायचे आहे!

खरे तर या पद्धतींची देवाणघेवाण फार जुनी, आणि तिच्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव जुन्या पिढीला व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे पाठ आहे. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. त्यांतले डॉक्टर चोळकर आमच्या विदर्भातले, नागपूरचे. मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले कोटणीस पाश्चात्त्य शस्त्रक्रिया घेऊन उत्तर चीनच्या खेड्यांत गेले, आणि १९४१ साली बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे शल्यविशारद. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या लहानशा जखमेतून रक्तात विष भिनून ते १९३९ साली गेले. पेनिसिलिन अजून रोग्यांपर्यंत पोहोचायचे होते. काही वर्षांनी असा माणूस सहज वाचला असता. कोटणीसही ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी तिथेच निवर्तले.

त्याच पथकातले डॉक्टर बिजयकुमार बसू पुढे, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, पुन्हा चीनला गेले, सुईचे शास्त्र शिकले आणि परत येऊन कलकत्त्याला त्याचा उपचार करू लागले. म्हणजे भारताने चीनला सुरी दिली आणि चीनने भारताला सुई. देणारा आणि घेणारा, दोघेही पदवीधर डॉक्टर. दुसऱ्याचे हत्यार हाती घेतल्याने त्यांना कमीपणा वाटला नाही.

राहता राहिली आपली सहाण. बाळगुटीची ती सहाण तुम्ही पाहिली असेल. हळकुंड, मुरडशेंग, वेखंड यांचे मोजके वेढे देणारी आजी आणि तोंड वाकडे करणारे बाळ. सहाणेवरच्या मुळ्यांत खरेच काही आहे का, या प्रश्नाची दोन उत्तरे विसाव्या शतकाने दिली, एक मुंबईत आणि एक पेकिंगमध्ये.

मुंबईचे उत्तर सर्पगंधेचे. ही मुळी आपले वैद्य शतकानुशतके वापरीत आले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रोग्यांना देऊन, आकडे नोंदवून, १९४९ साली आपला निष्कर्ष ब्रिटनमधल्या हृदयरोगाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तीन वर्षांनी तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे झाले आणि जगभर रक्तदाबावर चालले. १९५७ साली वकीलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच मोजमापातून कळले की, या औषधाने काही रोग्यांचे मन खिन्न होते. मग अधिक सुरक्षित औषधे आली आणि सर्पगंधा मागे सरली. जिने सर्पगंधेला गादीवर बसवले त्याच कसोटीने तिला खाली उतरवले.

पेकिंगचे उत्तर तू योयो या बाईंचे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस चीन सरकारने हिवतापावर औषध शोधण्याचे काम हाती घेतले. योयोबाईंनी जुन्या पोथ्या चाळल्या. चौथ्या शतकातल्या गे होंग याच्या ग्रंथात हिवतापावर छिंगहाव नावाची वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तिचा रस प्यायला सांगितला होता. बाईंच्या ध्यानात आले की, इथे उकळण्याचा उल्लेख नाही. उष्णतेने गुण जात असेल. त्यांनी कमी तापमानात अर्क काढला आणि तो लागू पडला. रोग्यांना देण्याआधी त्यांनी तो स्वतः घेतला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले आणि २०१५ साली बाईंना नोबेल पारितोषिक. आज आपल्या सरकारी आरोग्य केंद्रात मेंदूपर्यंत जाणाऱ्या हिवतापावर ज्या गोळ्या आणि इंजेक्शने देतात, त्यांच्या मुळाशी ती सोळाशे वर्षांपूर्वीची ओळ आहे. मराठीचा मास्तर म्हणून मला याचा विशेष आनंद होतो. ग्रंथ लक्षपूर्वक वाचणाऱ्याला कधी कधी त्यात औषधही सापडते!

पण त्याच पोथ्यांत पुष्कळ असेही आहे, जे कसोटीवर टिकले नाही. चिनी सुईच्या बऱ्याच चाचण्या झाल्या आहेत. जुनाट पाठदुखी, गुडघेदुखी यांत तिने काही रोग्यांना उतार पडतो. मात्र ठरलेली जागा सोडून किंवा टोचल्याचा नुसता देखावा करूनही पुष्कळसा तसाच उतार पडतो, असे दिसून आले. तेव्हा दुखण्यावर तिचा आधार घ्यायला हरकत नाही. रक्तदाब, मधुमेह किंवा कर्करोग तिच्यावर सोपवून चालणार नाही.

आणि नुकसान कोणी केले नाही? पाश्चात्त्य औषधांतल्या थॅलिडोमाइडने गर्भवतींच्या पोटातल्या हजारो बाळांचे हातपाय खुंटवले. १९६१ साली ते बाजारातून काढले गेले. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जममध्ये बारीक होण्यासाठी चिनी वनस्पती घेतलेल्या शंभराच्या घरातल्या बायकांची मूत्रपिंडे निकामी झाली. नीट न बनवलेल्या रसौषधींत पारा, शिसे आणि सोमल आढळल्याच्या घटना आपल्याला नव्या नाहीत. ‘झाडपाल्याचे औषध, गुण नाही तर अवगुण तरी कुठे?’ हे वाक्य म्हणून फसवे. धोतराही झाडच आहे.

हे झाले औषधांचे. पण लेखाच्या आरंभीच्या विहिरीकडे, म्हणजे प्रतिबंधाकडे, परत आले पाहिजे, कारण तिथे या तिघांची खरी परीक्षा झाली. देवीचा रोग घ्या. चीनमध्ये देवीच्या खपल्यांची पूड निरोगी माणसाच्या नाकात फुंकीत. बंगालमध्ये टीकेदार फोडातला द्रव हातावर टोचीत. सौम्य रोग आणून भयंकर रोग टाळण्याची ही युक्ती पूर्वेची. तिच्यात धोका होता. टोचलेल्यांतलेही काही दगावत. इंग्लंडमध्ये जेन्नरने १७९६ साली गायीच्या देवीची लस वापरून तो धोका घालवला. भारतात ही लस पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. १९७५ साली भारतातून आणि १९८० पर्यंत साऱ्या जगातून देवी गेली. जुन्या माणसांच्या दंडावरचे ते गोल वण म्हणजे पूर्वेच्या युक्तीचे आणि पश्चिमेच्या चिकाटीचे संयुक्त हस्ताक्षर आहे.

त्याहून बोलका दाखला नारूचा. पायातून हातभर लांब धागा निघावा तसा किडा निघायचा. त्यावर लस नव्हती, खात्रीचे औषधही नव्हते. तरी १९९६ नंतर भारतात नारूचा रोगी सापडला नाही आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. कशाने? पाणी कापडातून गाळून प्या आणि विहिरीत पाय बुडवू नका, एवढ्याने. पायऱ्यांच्या विहिरींच्या जागी हातपंप आले, त्याने. पाणी गाळून पिणे आपल्या आज्यांना ठाऊकच होते. ते का गाळायचे आणि कोणी एकानेही चुकवायचे नाही, हे सूक्ष्मदर्शकाने शिकवले.

सांगणारे माणूस घरचे असावे लागते, हे चीनने १९६० च्या दशकात ओळखले. शेतात राबणाऱ्या तरुणांना काही महिने शिकवून ‘अनवाणी डॉक्टर’ केले. त्यांच्या झोळीत सुया होत्या, मुळ्या होत्या आणि लसही होती. आपल्याकडे १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने जामखेडला खेड्यातल्या अल्पशिक्षित बायकांना आरोग्याचे शिक्षण द्यायला सुरुवात केली. पुढे गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी आरोग्यदूतांकरवी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि त्या गावांतले नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आज गावोगावच्या ‘आशा’ ताई तेच काम करतात. गोळी सोडल्यावर काकूच्या दंडाला कोणी महिन्याकाठी पट्टा बांधला असता, तर तो आकडा माझ्या रागावण्यापेक्षा अधिक बोलला असता. त्या घटनेनंतर आता आमच्या गल्लीतली आशाताई दर महिन्याला येते आणि काकू तिच्याशी भांडत का होईना, हात पुढे करते.

काकूने आपल्यापुरती तिन्ही शास्त्रांची वाटणीही करून टाकली आहे. सकाळी गोळी, ती चुकवायची नाही. मग वैद्यबुवांनी दिलेल्या तेलाने सून हात चोळून देते आणि डॉक्टरांनी शिकवलेले व्यायाम करवून घेते. खांदा फार ठणकला तर रीतसर शिकलेल्या माणसाकडून चिनी सुया. “हे सांग, कोनतं लागू पडलं?” मी एकदा विचारले. ती म्हणाली, “सून रोज येऊन बसते, ते लागू पडलं.” यावर कुठल्याही पंथाच्या डॉक्टरने काय बोलावे!

भाषेच्या मास्तराला एक शेवटची गोष्ट सांगू द्या. ‘पॅथी’ आणि ‘पथ्य’ हे शब्द भावंडांसारखे दिसतात, पण त्यांचे घराणे वेगळे. ‘पॅथी’ ज्या ग्रीक शब्दातून आला त्याचा अर्थ दुःख, यातना. ‘पथ्य’ आला तो ‘पथ’ म्हणजे वाट या शब्दातून. आपण पॅथीवरून भांडतो आणि पथ्य विसरतो. कोणताही उपचार घेताना चार प्रश्न विचारावे: हा नेमका कोणत्या दुखण्यावर? गुण येतो हे कोणी, कसे मोजले? याने अपाय काय होऊ शकतो? आणि चालू औषध थांबवा असे कोणी सांगत असेल, तर ते सुरू करणाऱ्या डॉक्टरला विचारले का? या प्रश्नांना जो रागावतो, तो सुरी घेऊन बसलेला असो, सुई घेऊन असो की सहाण घेऊन, त्याच्या दारातून परत फिरावे.

दिवाळीच्या पहाटे आपण तेल-उटणे लावतो. थंडीच्या तोंडावर अंगाला तेल चोळावे, ही वाग्भटाच्या ऋतुचर्येतली शिकवण सणाचे रूप घेऊन आपल्या न्हाणीघरात टिकून आहे. यंदा तिला एक जोड द्या. भाऊबीजेला बहिणीच्या घरी जाल, तेव्हा ताटात ओवाळणी टाकाच. पण निघण्यापूर्वी तिला जवळच्या दवाखान्यात नेऊन तिचा रक्तदाब मोजून घ्या, आणि तुमचाही. विहीर खणायची ती अशी, घशाला कोरड पडण्याच्या आधी.